पायऱ्यांची विहीर आणि नारूचा दोरा

परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत वालूर नांवाचें एक जुनें गांव आहे. या गांवांत प्राचीन बारवा आहेत. त्यांतील एक तिच्या घडणीमुळें विशेष प्रसिद्धीस आली आहे. बहुतेक बारवांत पायऱ्या सरळ रेषेंत खालीं जातात. वालूरच्या या बारवेंत त्या वळसे घेत, शंखाच्या आंतल्या रेषेप्रमाणें चक्राकार उतरत जातात. वरून डोकावणाऱ्याची दृष्टि एकेका वळशाबरोबर खालीं खालीं जाते आणि शेवटीं तळाच्या पाण्यावर स्थिरावते. गाळ, कांटेरी झुडपें आणि केरकचरा यांनीं भरून गेलेली ही बारव गेल्या कांहीं वर्षांत ग्रामस्थांनीं श्रम करून मोकळी केली. आतां दूरदूरचे लोक ती मुद्दाम पाहावयास येतात.

अशी घडीव वास्तु पाहिली म्हणजे पहिला प्रश्न मनांत येतो तो असा, कीं इतक्या परिश्रमानें बांधलेल्या विहिरी लोकांनीं टाकून कां दिल्या? नळ आले, विजेचे पंप आले, वस्ती सरकली, हीं उत्तरें नेहमींचीं आहेत व तीं खोटीं नाहींत. परंतु मराठवाड्यांतील, किंबहुना साऱ्या दख्खनच्या पठारावरील पायऱ्यांच्या विहिरी मागें पडण्यास आणखीहि एक कारण घडलें. आणि तें वास्तुकलेच्या इतिहासांत न सांपडतां वैद्यकाच्या इतिहासांत सांपडतें. तें कारण म्हणजे दीड-दोन हात लांबीचा, शिजलेल्या शेवयेएवढ्या जाडीचा एक पांढरा किडा. त्याचें नांव नारू.

प्रथम विहिरीची हकीकत पाहणें युक्त होईल. मराठवाड्याची भूमि काळ्या पाषाणाची आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक बसून हा पाषाण बनला. त्यांत पाणी सांठतें तें खडकाच्या भेगांत आणि झिजून पोकळ झालेल्या मुरमांत. वाळूच्या प्रदेशाप्रमाणें सर्वत्र सारखें सांठत नाहीं. त्यामुळें येथील विहिरींची पातळी वर्षभर एक राहत नाहीं. भाद्रपदांत जें पाणी हाताशीं येतें, तेंच वैशाखांत कित्येक पुरुष खोल जातें. इतक्या खोलीवरून पाणी काढावयाचें म्हणजे दोर पाहिजे, पोहरा पाहिजे, रहाट किंवा मोट पाहिजे. आणि वाटसरूजवळ यांपैकीं कांहींच नसतें. बारव बांधणाऱ्यांनीं हा प्रश्न उलट बाजूनें सोडविला. पाणी वर माणसाकडे आणण्याऐवजीं त्यांनीं माणसालाच खालीं पाण्याकडे नेलें. पाणी कितीहि खालीं जावो, पायरी त्याच्याबरोबर खालीं जातेच.

या बांधणींत कारागिरीइतकाच हिशेबहि आहे. घडीव दगड एकमेकांत असे बसविलेले असत, कीं चुन्याची फारशी गरज पडूं नये. टप्प्याटप्प्यानें खालीं अरुंद होत जाणाऱ्या घडणीमुळें भोंवतालच्या मातीचा दाब सर्व पायऱ्यांवर वांटला जातो आणि भिंत एकदम आंत येत नाहीं. पाणी जितकें खोल तितका वरच्या उन्हाचा स्पर्श कमी, म्हणून भर उन्हाळ्यांतहि आंत उतरतांच गारवा लागतो. भिंतींतील कोनाड्यांत देवतांच्या मूर्ति असत. मराठवाड्यांतील पुष्कळशा बारवांचा संबंध यादवकाळाशीं जोडला जातो. पुढें अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकरांनींहि ठिकठिकाणीं विहिरी व बारवा बांधविल्या. तहानलेल्याला पाणी देणें यासारखें पुण्य नाहीं, ही भावना या सर्व बांधकामाच्या मुळाशीं होती. ज्याच्यापाशीं दोर नाहीं, भांडें नाहीं, अशा अगदीं निर्धन मनुष्यालाहि ओंजळीनें पाणी पितां यावें, हाच पायरीचा अर्थ होता.

दुर्दैव असें, कीं नेमका हाच पायरीचा अर्थ नारूच्या उपयोगीं पडला.

नारूचा रोगी ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्याचें वर्णन सांगावें लागत नाहीं. परंतु आजच्या शहरी घरांतील तरुण पिढीनें तो पाहिलेला नाहीं, आणि ही मोठ्या भाग्याची गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत एकाद्या धडधाकट शेतकऱ्याच्या पायावर, बहुधा घोट्याजवळ किंवा पोटरीवर, एक फोड येतो. अंगाला खाज सुटते, कधीं ताप येतो, फोडाच्या जागीं निखारा ठेवल्यासारखी आग होते. दोन-चार दिवसांनीं फोड फुटतो व आंतून पांढऱ्या दोऱ्यासारखें एक टोंक डोकावूं लागतें. तें टोंक जिवंत असतें. जोरानें ओढावें तर किडा तुटतो, तुटलेला भाग आंत राहून कुजतो, पू होतो, कधीं धनुर्वातहि होतो. सांध्याजवळ असें झाल्यास पाय कायमचा आंखडतो. म्हणून एका लहानशा काडीला तें टोंक गुंडाळावयाचें आणि रोज दोन-चार बोटें, याहून अधिक नाहीं, अशा बेतानें काडीला पीळ देत राहावयाचें, हा एकच उपाय होता. संबंध किडा बाहेर येण्यास आठवडेच्या आठवडे लागत. तोंवर रोगी खाटेवर. एकाच माणसाच्या अंगांतून एकाच वर्षीं अनेक किडे निघत, आणि एकदां झाला म्हणून पुन्हां होणार नाहीं असा भरंवसा नसे. कारण या रोगानें शरीरांत प्रतिकारशक्ति उत्पन्न होत नाहीं.

काडीचा हा उपाय फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें १५५० च्या, एबर्स या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इजिप्तमधील वैद्यकीय लेखांत काडीवर किडा गुंडाळण्याचें जें वर्णन आहे, तें नारूचेंच असावें असें विद्वान मानतात. तांबड्या समुद्राच्या कांठीं राहणाऱ्या लोकांच्या पायांतून सापासारखे लहान किडे निघतात, असें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील अॅगाथार्किडीस या ग्रीक लेखकानें लिहिलें होतें. त्याचा उतारा पुढें प्लुटार्कनें जपून ठेविला. आपल्याकडील मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत हा विकार 'स्नायुक' या नांवानें येतो. शरीरांतून बाहेर पडणारी ही वस्तु स्नायूच्या तंतूसारखी दिसते, त्यावरून हें नांव पडलें असावें. मदिना शहराच्या नांवावरून युरोपी शास्त्रज्ञांनीं त्याला मदिनेचा छोटा अजगर अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें, तर आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर तो पाहणाऱ्या खलाशांनीं त्याला गिनीचा किडा म्हटलें. जगांतील वैद्यांच्या चिन्हांत काठीला वेढा घालून बसलेला जो साप असतो, तो मुळांत काडीवर गुंडाळलेला नारूच होय, असाहि एक तर्क कांहींनीं लढविला आहे. तर्क खरा असो वा नसो, रोगाची प्राचीनता त्यावरून ध्यानांत येते.

परंतु हा किडा अंगांत शिरतो कोठून? पाय चिखलांत गेल्यानें तो कातडींतून आंत जातो, अशी समजूत पुष्कळ काळ प्रचलित होती. आणि किडा पायांतून निघत असल्यामुळें ती स्वाभाविकहि होती. या कोड्याचा पहिला धागा अॅलेक्सी फेडचेंको या रशियन निसर्गशास्त्रज्ञाच्या हातीं लागला. १८७० सालीं तुर्कस्तानांत काम करीत असतां त्याला आढळलें, कीं नारूचीं पिलें पाण्यांतील एका अत्यंत लहान प्राण्याच्या शरीरांत शिरून वाढतात. या प्राण्याचें नांव सायक्लॉप्स. ग्रीक पुराणांतील एकाक्ष राक्षसाचें हें नांव त्याच्या कपाळावरच्या एकुलत्या डोळ्यावरून पडलें आहे. त्याची लांबी एक-दोन मिलिमीटर. स्वच्छ पेल्यांतलें पाणी उजेडाकडे धरलें तर धक्के देत इकडून तिकडे जाणारा पांढुरका ठिपका नुसत्या डोळ्यांसहि दिसूं शकतो. फेडचेंको पुढें तीनच वर्षांनीं, ऐन तारुण्यांत, आल्प्सच्या हिमांत मरण पावला. शोधाची पुढची वाट इतरांस चालावी लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं रॉबर्ट लीपर या ब्रिटिश संशोधकानें आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट येथें ती वाट पुरी केली. त्यानें नारूचीं पिलें असलेले सायक्लॉप्स सौम्य आम्लांत टाकले. मनुष्याच्या जठरांत असतें तसें तें आम्ल होतें. सायक्लॉप्स मेले, परंतु आंतलीं पिलें मरण्याऐवजीं जागीं होऊन बाहेर पडलीं. मग त्यानें असे सायक्लॉप्स एका माकडास खाऊं घातले व सहा महिन्यांनीं त्याच्या शरीरांत नारू सांपडला. आपल्या मुंबईचाहि या शोधांत वांटा आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें प्लेगच्या संशोधनासाठीं निघालेली जी प्रयोगशाळा पुढें १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्ध झाली, तेथें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डॉ. डी. ए. तर्खड यांनीं नारूवर प्रयोग केले. दूषित सायक्लॉप्स पोटांत गेल्यानेंच मनुष्यास हा रोग जडतो, ही गोष्ट पक्की होण्यास त्यांच्या कामाची मदत झाली. पुढें म्हैसूर संस्थानांत चितळदुर्ग जिल्ह्यांत व्ही. एन. मूर्ति यांनीं सायक्लॉप्स खाणारे मासे विहिरींत सोडून पाहिले, आणि नूट लिंडबर्ग या स्वीडिश डॉक्टरांनीं दख्खनमधील खेड्यांत नारूची पाहणी करून ती १९४६ सालीं प्रसिद्ध केली.

या सर्व शोधांतून जें चक्र उलगडलें तें असें. फोडाची आग शमविण्यासाठीं रोगी पाय थंड पाण्यांत बुडवितो. पाण्याचा स्पर्श होतांच मादी आपलें तोंड बाहेर काढून दुधासारखा द्रव सोडते. त्यांत हजारों सूक्ष्म पिलें असतात, आणि एका मादीच्या पोटांत अशीं पिलें लक्षावधि असतात. सायक्लॉप्स तीं गिळतो. सुमारें दोन आठवड्यांत तीं त्याच्या अंगांत वाढून मनुष्याला बाधण्याइतकीं तयार होतात. मग कोणी तरी तें पाणी पितो. जठरांत सायक्लॉप्स विरघळतो, पिलूं आंतड्याची भिंत भेदून शरीरांत शिरतें, नर-मादी तेथें वाढतात, संयोगानंतर नर मरतो, आणि गरोदर मादी कातडीखालून हळूहळू पायाकडे सरकते. या प्रवासास जवळजवळ एक वर्ष लागतें. म्हणजे यंदाच्या वैशाखांत प्यालेलें पाणी पुढच्या वैशाखांत पायांतून बाहेर पडतें! कारण आणि कार्य यांच्यामध्यें वर्षाचें अंतर असल्यामुळें पाणी आणि नारू यांचा संबंध लोकांच्या लक्षांत आला नाहीं, यांत नवल तें काय?

आतां बारवेकडे पुन्हां पाहावें. नारूला आपलें चक्र पुरें करण्यास एकच गोष्ट लागते: रोग्याचा पाय आणि निरोग्याचें तोंड हीं एकाच सांठलेल्या पाण्यावर यावींत. वाहत्या नदींत हें साधत नाहीं. कांठाचा कठडा बांधलेल्या आडांत साधत नाहीं, कारण तेथें पोहऱ्याशिवाय कोणी खालीं जात नाहीं. पायऱ्यांच्या विहिरींत मात्र तें सहज साधतें. बायका घागर भरण्यासाठीं शेवटच्या पायरीवर, म्हणजे घोटाभर पाण्यांत उभ्या राहतात. वाटसरू पाय धुतो आणि त्याच पाण्यांत ओंजळ घालतो. उन्हाळ्यांत पाणी आटून तळाशीं येतें, त्यांत सायक्लॉप्सची दाटी होते, आणि नारू बाहेर पडण्याचा हंगामहि नेमका तोच. निर्मात्याच्या करुणेनें घडविलेली पायरी रोगाची शिडी झाली. यांत दोष बांधणाऱ्याचा नव्हता, वापरणाऱ्याचाहि नव्हता. वालूरची बारव असो वा अन्य कोठली, तिच्यावर ठपका ठेवण्याचें प्रयोजन नाहीं. ज्या गोष्टी डोळ्यांस दिसत नाहींत त्यांचा विचार करून कोणताहि स्थपति बांधकाम करीत नसतो.

या रोगानें माणसें क्वचितच मरत. म्हणून मृत्यूच्या आंकड्यांत तो कधीं दिसला नाहीं. पण त्याचा काळ पाहावा. फोड येई तो मृगाच्या तोंडावर, नांगरट आणि पेरणीच्या ऐन दिवसांत. घरांतील कर्ता पुरुष दीड-दोन महिने खाटेवर पडला, कीं पेरणी चुकली. पेरणी चुकली कीं वर्ष बुडालें, आणि वर्ष बुडालें कीं सावकाराचें दार. अशा रोगाला क्षुद्र म्हणतां येत नाहीं. शिवाय बारवेच्या पायऱ्या साऱ्या गांवाला सारख्या खुल्याहि नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या समाजास पाणवठ्यावर बहुतेक ठिकाणीं मज्जाव असे; याच अन्यायाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. ज्यांना चांगला पाणवठा नाकारला जाई, त्यांच्या वाट्यास उघडें डबकें येई. नारूला जात ठाऊक नव्हती. परंतु कोणाच्या घागरींत कोणतें पाणी पडावें, हें मात्र जात ठरवीत होती.

यावर उपाय काय? औषध नव्हतें, लस नव्हती, आजहि नाहीं. देवीच्या रोगाविरुद्ध निदान लस हाताशीं होती. नारूविरुद्ध होतें तें घरांतलें फडकें! सायक्लॉप्स हा जंतु असला तरी जंतूंमध्यें तो राक्षस आहे. दुपदरी, दाट विणीच्या कापडांतून तो पार होत नाहीं. हंड्याच्या तोंडावर फडकें बांधून पाणी गाळण्याची जी रीत आपल्या घरांत आजी-पणजीपासून चालत आली, आणि जैन कुटुंबांत जी धर्माचरणाचा भाग म्हणून कसोशीनें पाळली जाते, ती नकळत या रोगाविरुद्धची तटबंदीच होती. पण घरांत वस्त्रगाळ पाणी पिणारा शेतकरी शेतावर गेला म्हणजे ओंजळीनें पितो. आणि तेथेंच तटबंदीला खिंडार पडतें.

मध्य आशियांतील बुखारा शहराचा अनुभव येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. त्या शहरांतहि पायऱ्यांचे हौद होते. पाणक्ये त्यांत उतरून पखाली भरीत, आणि शहरांत नारूचा मोठा सुकाळ असे. १९२३ पासून इसाएव्ह या रशियन वैद्यकतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं हे हौद उपसून, कांहीं बुजवून, रोग्यांचा घरोघर शोध घेऊन, अवघ्या दहा वर्षांच्या आंत तेथून हा रोग नाहींसा करण्यांत आला. म्हणजे रोगाचें मूळ कळलें होतें, उपाय सिद्ध झाला होता, आणि तो स्वस्तहि होता. तरीसुद्धां भारतांतील खेड्यांना आणखी साठ वर्षें वाट पाहावी लागली. त्याचें कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. उपाय फडक्याचा असला तरी फडक्याचें महत्त्व सांगणारा कोणी तरी खेड्यांत जावा लागतो. विहिरीच्या पायऱ्या बंद करावयाच्या तर तिच्याऐवजीं दुसरें पाणी द्यावें लागतें. तहानलेल्याला नुसतें 'हें पिऊं नको' म्हणून भागत नाहीं.

दुसरें पाणी देण्याचें काम ज्या साध्या यंत्रानें केलें, त्याचा जन्मसंबंध मराठवाड्याशीं आणि सोलापुराशीं आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. काळ्या पाषाणांत खोल, अरुंद भोंक पाडण्याचीं हवेच्या दाबावर चालणारीं यंत्रें १९६० नंतरच्या दुष्काळांत आपल्याकडे आलीं आणि १९७२ च्या भीषण दुष्काळांत विंधनविहिरींना मोठें महत्त्व आलें. भोंक पडलें, पण पाणी वर आणावयाचें कसें? त्या वेळचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठीं बनविलेले होते. त्यांवर सारें गांव पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी भरूं लागलें, तेव्हां दांडीचे खिळे झिजले, सांधे निखळले. १९७४ सालच्या एका पाहणींत सुमारें तीनचतुर्थांश पंप बंद पडलेले आढळले. जालना येथील स्कॉटिश मिशनच्या मंडळींनीं पोलादाचा अधिक दणकट पंप बनविला. तोच धागा पुढें नेऊन सोलापूर येथें आणखी सुधारलेला पंप तयार झाला. त्याच्या दांडीच्या टोंकास वर्तुळाच्या तुकड्यासारखा भाग आणि त्यावर साखळी असे. त्यामुळें खालीं जाणारी सळई वांकडी न होतां सरळ रेषेंत वरखालीं होई, आणि झीज कमी होई. याच सोलापुरी नमुन्यावर युनिसेफच्या साहाय्यानें 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध झाला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याचें उत्पादन सुरू झालें, आणि पुढें भारतांतच नव्हे तर आफ्रिकेंतील गांवोगांवींहि तो जाऊन पोहोंचला. या पंपाच्या पाण्यांत कोणाचा पाय बुडूं शकत नव्हता. नारूचा दोरा तुटला तो येथें.

१९८३-८४ सालीं भारत सरकारनें नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. १९८४ च्या गणतींत महाराष्ट्रासह सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गांवीं, ३९,७९२ रोगी सांपडले. मग आरोग्यसेवक दारोदार फिरले. नारूचा रोगी आहे का, हें विचारीत. असल्यास त्याच्या जखमेवर पट्टी बांधीत व पाण्यांत उतरूं नको म्हणून विनवीत. पाणवठ्यांत टेमेफॉस हें औषध अत्यल्प प्रमाणांत टाकून सायक्लॉप्स मारले, घरोघर गाळणी वांटली, हातपंप बसविले, आणि पायऱ्यांच्या विहिरी कांहीं बंद केल्या, तर कांहींना कठडा घालून रहाटाच्या विहिरींत रूपांतर केलें. भारतांतील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यांत आढळला. त्यानंतर तीन वर्षें कसून शोध झाला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें. एकहि लस न टोंचतां, रोग बरा करणारी एकहि गोळी न देतां, केवळ पाण्याची वाट बदलून एक प्राचीन रोग या देशांतून निघून गेला. परळच्या प्रयोगशाळेंतील कामापासून मोजलें तर ज्ञान आणि मुक्ति यांच्यामध्यें ऐंशीहून अधिक वर्षें गेलीं.

या विजयाची किंमत बारवांनीं दिली. ज्या विहिरीचें पाणी पिऊं नये असें ठरलें, तिची निगा कोण राखणार? दरवर्षीं गाळ काढण्याची रीत मोडली. गाळावर झुडपें उगवलीं, झुडपांत कचरा पडूं लागला. नारू गेला तरी लोक पायऱ्यांकडे परतले नाहींत, कारण तोंवर सर्वांची नजर खोल भोंकाकडे लागली होती. परंतु भोंकाच्या पाण्यालाहि अंत आहे. पावसानें जेवढें भरावें त्याहून अधिक उपसा होऊं लागतांच पातळी वर्षानुवर्षें खालीं गेली. नांदेड जिल्ह्यांतील कांहीं गांवांत खोल पाण्यांतील फ्लोराइडमुळें दांत व हाडें यांचे विकार दिसूं लागले. आणि एप्रिल २०१६ मध्यें तर लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. जुन्या पाण्याचा दोष डोळ्यांस न दिसणारा होता; नव्या पाण्याचा दोषहि तसाच, जमिनीच्या पोटांत दडलेला निघाला.

वालूरच्या ग्रामस्थांनीं आपल्या बारवेंतील गाळ उपसला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. बारव ही केवळ शोभेची वस्तु नव्हे. पावसाचें पाणी जमिनींत मुरवण्याचें आणि जमिनीची पातळी उघड्या डोळ्यांनीं दाखविण्याचें तें एक साधन आहे. विंधनविहिरीच्या भोंकांत पाणी किती उरलें हें यंत्रावांचून कळत नाहीं. बारवेंत किती पायऱ्या उघड्या पडल्या, हें लहान मूलहि मोजूं शकतें. तिचें पाणी शेतीला, झाडांना, गुरांना उपयोगीं पडूं शकतें. पिण्यासाठीं मात्र तें शुद्ध केल्यावांचून घेऊं नये, आणि पाण्यांत पाय बुडवून त्याच ठिकाणीं ओंजळ भरूं नये, हा नारूनें शिकविलेला धडा विसरतां कामा नये. कारण नारू गेला असला तरी पटकी, विषमज्वर, कावीळ यांना पाण्याची वाट अजून ठाऊक आहे.

नारू जगांतून अद्याप समूळ गेलेला नाहीं. १९८६ च्या सुमारास जगांत दरवर्षीं सुमारें ३५ लक्ष लोकांस तो होत असे, असा अंदाज आहे. २०२४ सालीं साऱ्या पृथ्वीवर मिळून १५ रोगी आढळले, आणि तेहि आफ्रिकेंतील मोजक्या देशांत. चाड देशांत हा किडा कुत्र्यांच्या अंगांत आढळूं लागल्यामुळें अखेरचें पाऊल अवघड झालें आहे. तें पाऊल पडेल तेव्हां, देवीनंतर मनुष्यजातीचा पिच्छा कायमचा सोडणारा हा दुसरा मानवी रोग ठरण्याचा संभव आहे.

बारवेच्या सर्वांत खालच्या पायऱ्या शतकानुशतकांच्या पावलांनीं गुळगुळीत होतात. त्या पावलांत घागरी घेऊन उतरलेल्या बायकांचीं पावलें आहेत, तहानलेल्या वाटसरूंचीं आहेत, आणि पायाची आग शमविण्यासाठीं लंगडत आलेल्या रोग्यांचींहि आहेत. या तिन्हींना त्या पायरीनें सारखाच थारा दिला. पाणी सर्वांच्या हातीं यावें, ही तिची शिकवण. आणि सर्वांच्या हातीं येणारें पाणी निर्दोष असावें, ही नारूची. पहिली शिकवण आपल्या पूर्वजांनीं दगडांत कोरून ठेविली आहे. दुसरी मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें, रोज सकाळीं हंड्यावर फडकें बांधतांना, गिरवावी लागते.